शब्बाथची तयारी रविवारपासून: नोकरीवाल्या घरासाठी

शब्बाथ म्हणजे आपला, ज्यूंचा, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. त्याची सुरुवात दिवा लावून होते, आणि शुक्रवारी हा दिवा किती वाजता लावायचा हे आपल्या हातात नसतं. सर्वसाधारण रिवाज सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीचा. मुंबई-ठाण्याकडे नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवा पावणेसहाच्या आत लागायला हवा. जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त सात-वीसपर्यंत लांबतो, तेव्हा सात वाजेपर्यंत सवड मिळते. त्यानंतर शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत गॅस पेटत नाही, बटण दाबलं जात नाही, काही विकत आणता येत नाही. जे झालं ते झालं, राहिलं ते राहिलं.

कोकणात आपल्या, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंच्या, वाडवडिलांना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाणा स्वतःचा होता म्हणून बंद ठेवता आला. आज आपण फोर्टात किंवा बीकेसीत नोकरी करतो, शुक्रवारी दुपारी चारला मीटिंग लावणाऱ्या साहेबाला सूर्यास्ताशी देणंघेणं नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शुक्रवारला तयारीचा दिवस समजूच नका. नोकरी करणाऱ्या घरात शुक्रवार म्हणजे शेवटचे दोन-अडीच तास. त्यात फक्त आच, अंघोळ आणि दिवा बसतो. बाकी सगळं त्याआधी उरकलेलं असलं पाहिजे.

आधी ठरवा, आपलं घर काय पाळतं

आपल्या समाजात शब्बाथ पाळण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कोणी ३९ प्रकारची मनाई केलेली कामं काटेकोर टाळतं, कोणी दिवा, किद्दुश (द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना) आणि एकत्र जेवण एवढं करून शनिवारी कामावर जातं. मी कोणाला शिकवायला बसलेली नाही. पण घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवावं: शनिवारी गॅस पेटणार की नाही, मोबाइल बंद की नुसता सायलेंट, गाडी काढायची की सिनेगॉगला चालत जायचं. हे न ठरवता दर शुक्रवारी सहा वाजता वाद घालण्यात निम्मी संध्याकाळ जाते. बारीकसारीक शंका असतील तर आपल्या हज्जानना (सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा रब्बींना (धर्मगुरूंना) विचारा, तेही आठवड्याच्या मध्ये. पुढे जे लिहिलंय ते पूर्ण पाळणाऱ्या घराच्या हिशेबाने आहे. तुम्ही कमी पाळत असाल तर त्यातलं हवं ते घ्या.

रविवार ते बुधवार: थोडं थोडं बाजूला

तालमुदात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, शम्माय आणि हिल्लेल या दोन गुरूंची गोष्ट आहे. शम्माय आठवडाभर शब्बाथसाठीच जगायचे. बाजारात चांगलं जनावर दिसलं की म्हणायचे, हे शब्बाथला. पुढे त्याहून चांगलं मिळालं की ते राखून ठेवायचे आणि आधीचं खाऊन टाकायचे. हिल्लेल म्हणायचे, रोजचा दिवस देवाचा, शब्बाथचं शब्बाथला मिळेल. हिल्लेलांचा स्वभाव मला जास्त आवडतो, पण ठाणे-सीएसएमटी प्रवास करणाऱ्याला शम्मायच लागतात.

रविवारी भाजी आणताना शब्बाथची भाजी वेगळ्या पिशवीत घाला. शुक्रवारपर्यंत टिकेल तीच घ्या: दुधी, लाल भोपळा, गाजर, बटाटे, कोबी. पालेभाजी गुरुवारी. फ्रिजवर कागद लावून ठेवा आणि संपत आलेली वस्तू दिसेल त्याने तिथे लिहायची. खोबरेल तेल, वाती, मेणबत्त्या, काळ्या मनुका, कणीक, चहा पावडर हे कागदावर कायमचे भाडेकरू.

सोमवारी किंवा मंगळवारी रात्री एकदाच वाटण करा. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण यांचं हिरवं वाटण डब्यात घालून फ्रिजरमध्ये टाकलं की शुक्रवारची चिकनची हिरवी करी अर्धी झाली म्हणून समजा. नारळाचं दूध मात्र ताजंच बरं. नारळ बुधवारी आणा, गुरुवारी खवा, शुक्रवारी सकाळी पिळा. मटण-चिकनबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून दाटपणाची सगळी भिस्त आपल्याकडे नारळावर असते. तो ऐन वेळी नासका निघाला तर दुसरा हाताशी हवा.

मासा घेणार असाल तर पर आणि खवले दोन्ही असलेलाच: पापलेट, सुरमई, रावस. कोळणीला सांगून ठेवा की खवले आपल्यासमोरच काढायचे. सुरमईचे खवले इतके बारीक असतात की आधीच साफ केलेल्या तुकड्यावर काही ओळखता येत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मोठा ताजा मासा दुर्मिळ आणि महाग होतो. त्या दोन महिन्यांत मेनू बदला आणि मोकळे व्हा. शब्बाथला मासा असावा ही हौस चांगली, पण तिच्यापायी गुरुवारी रात्री तीन बाजार पालथे घालायची गरज नाही. कोशर, म्हणजे धर्मनियमांत बसणाऱ्या, मटणाचं तर आधीच सांगून ठेवावं लागतं, ते गुरुवारच्या आत घरी आलेलं बरं.

गुरुवार: खरा कामाचा दिवस

प्राचीन काळच्या एज्रा या धर्मशास्त्र्यांनी घालून दिलेल्या नियमांत एक असा आहे की कपडे गुरुवारी धुवावेत, शुक्रवार शब्बाथसाठी मोकळा राहावा म्हणून. वॉशिंग मशीन आलं तरी हा नियम सोन्यासारखा आहे. पावसाळ्यात तर गुरुवारी धुतलेले कपडे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जेमतेम वाळतात. शब्बाथचे कपडे, टेबलक्लॉथ आणि टॉवेल गुरुवारच्या पहिल्या घाण्यात. इस्त्रीही त्याच रात्री, किंवा इस्त्रीवाल्याकडे बुधवारी.

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर दीड तास काढा आणि घरातल्या सगळ्यांना कामाला लावा. 'हे बायकांचं काम' असं कोणी म्हणालं तर तालमुदातली यादी ऐकवा. शब्बाथसाठी राव हिस्दा बीट चिरायचे, राबा माशाला मीठ लावायचे, राव पापा वाती वळायचे, रब्बा आणि राव योसेफ लाकडं फोडायचे. हे सगळे आपल्या काळातले नामवंत विद्वान, हाताखाली माणसं असलेले. आपल्या घरातल्या बारावीच्या मुलाला लसूण सोलायला हरकत नसावी.

त्या दीड तासात काय काय बसतं? तांदूळ आणि डाळ निवडणं. हे महत्त्वाचं, कारण शब्बाथला खडे वेचून बाजूला काढणं हेच मुळात मनाई असलेल्या कामात येतं. कोथिंबीर निवडणं, डाळिंब सोलणं, शेंगदाणे भाजून सालं काढणं हेही त्याच कारणाने आत्ताच. कांदे चिरून डब्यात. चिकनला मीठ-हळद-वाटण लावून फ्रिजमध्ये. कडधान्य भिजत. गोड काही करणार असाल तर आजच. नारळाच्या दुधातला तांदळाच्या पिठाचा किंवा रव्याचा हलवा दुसऱ्या दिवशी आणखी चांगला लागतो आणि मटणानंतरही चालतो.

आणि मनुका भिजत घालायच्या. त्याबद्दल जरा सविस्तर.

किद्दुशचं शरबत

किद्दुशसाठी कोशर वाइन मिळाली तर उत्तम, पण आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या काळ्या मनुकांचं शरबत चालत आलंय आणि मला तरी त्याशिवाय शुक्रवार शुक्रवार वाटत नाही. पाव किलो काळ्या मनुका घ्या. देठ काढून दोन-तीन पाण्यांतून धुवा, पहिलं पाणी मातकट निघतंच. चार कप पाण्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी त्या टपोऱ्या फुगलेल्या असतात. त्याच पाण्यासकट मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, थंड होऊ द्या, मग हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया आणि सालं वाटली जाऊन रस कडवट आणि गढूळ होतो. मलमलच्या फडक्यातून गाळा आणि फडकं घट्ट पिळा. चांगलं शरबत गर्द तांबूस-काळं दिसतं आणि बोटाला किंचित चिकटतं. पाण्यासारखं पातळ झालं असेल तर मनुका कमी पडल्या, पुढच्या वेळी वाढवा. त्यात वरून पाणी घालून पुरवठ्याला आणायची सवय वाईट, द्राक्षवेलीच्या फळाची बेराखा (आशीर्वचन) म्हणायची तर पेल्यात द्राक्ष असायला हवं. साखर घालायची गरज पडत नाही. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, हव्दालाला (शनिवारी रात्री शब्बाथ संपवण्याच्या विधीला) लागेल तेवढं पुरवा. तीन-चार दिवस टिकतं, त्यापुढे आंबायला लागतं.

सकाळी ऑफिसची घाई असेल तर उकळून झाकून ठेवा आणि गाळायचं काम दुपारी घरी येणाऱ्यावर सोपवा.

शुक्रवार: उलटं घड्याळ

दिव्याच्या वेळेपासून मागे मोजत या. हिवाळ्यातला शुक्रवार धरू. दिवा ५:४०. त्याआधी अर्धा तास अंघोळी आणि कपडे, म्हणजे ५:१०ला स्वयंपाकघर बंद. स्वयंपाकाला दीड तास, म्हणजे ३:४०ला कोणीतरी गॅससमोर उभं असलं पाहिजे. फोर्टातून ठाण्याला दारापर्यंत सव्वा तास लागतो. तर अडीचच्या आतच ऑफिस सोडावं लागेल, आणि ते दर आठवड्याला जमणार नाही. यातून वाटा दोनच. एक, ज्याला लवकर सुटता येतं तो शुक्रवारचा स्वयंपाकी, मग तो नवरा असो, सासूबाई असोत की कॉलेजातली मुलगी. दुसरी, मुख्य पदार्थ सकाळीच शिजवून ठेवायचे आणि संध्याकाळी फक्त गरम करायचे. आमच्याकडे हिवाळ्यात दुसरी वाट आणि उन्हाळ्यात पहिली, असा कारभार चालतो. ऑफिसात दर शुक्रवारी परवानगी मागत बसण्यापेक्षा नोव्हेंबर ते जानेवारीपुरतं एकदाच सांगून ठेवा, आणि ते तास सोमवार-मंगळवारी भरून काढा. एकदा लेखी कळवलं की रोजची कुरकुर थांबते.

मेनू आटोपशीर ठेवा. शुक्रवार रात्रीसाठी एक मासा किंवा चिकनचा रस्सा, भात, एक भाजी, पोळ्या. शनिवार दुपारसाठी थंड खाता येईल असं काहीतरी. पाहुणे येणार असले तरी पदार्थ वाढवू नका, प्रमाण वाढवा. सहा पदार्थ मांडून टेबलावरच डुलक्या काढणारी यजमानीण कोणाच्याच उपयोगाची नाही.

हामोत्सीला, म्हणजे जेवणाआधी पावावर म्हणायच्या आशीर्वचनाला, दोन पाव किंवा दोन अख्ख्या पोळ्या लागतात, वाळवंटात पूर्वजांसाठी आकाशातून शुक्रवारी दुप्पट पडलेल्या मान्ना या अन्नाची आठवण म्हणून. बेकरीचा पाव घेणार असाल तर त्यात दूध किंवा चरबी नाही ना, हे विचारून घ्या. पोळ्या केल्यात तर चार सुबक पोळ्या आधीच बाजूला काढा, दोन रात्रीला, दोन सकाळच्या जेवणाला. नाहीतर मुलं तव्यावरूनच पळवतात. स्वयंपाक झाला की चमचाभर चाखून बघा. शब्बाथचं अन्न शुक्रवारी चाखायचा रिवाजच आहे, आणि मीठ विसरलंय हे कळायची ती शेवटची संधी असते.

अन्न गरम ठेवायचं कसं? इस्राएलात घरोघरी विजेची सपाट तापपट्टी असते, तिथे प्रश्न सुटतो. इथे जुनी पद्धत गॅसच्या मंद ज्योतीवर पत्रा ठेवून त्यावर पातेलं ठेवायची. सिलिंडरची ज्योत रात्रभर चालू ठेवणं मला अजिबात पसंत नाही. खिडकीतून वारा येतो, ज्योत विझते, गॅस सुटत राहतो. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचा कॅसरोल घ्या. आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं तापवा, पाणी ओता, मग अन्न भरा. दिव्याच्या तोंडावर भरलेलं जेवण साडेआठपर्यंत छान ऊन राहतं. शनिवारचं जेवण थंडच, आणि त्यात काही बिघडत नाही: बटाट्याची सुकी भाजी, मेथीचे ठेपले, उकडलेली अंडी, तळलेला मासा, कोशिंबिरीचं साहित्य चिरून तयार. सकाळच्या चहासाठी मोठ्या थर्मासमध्ये तयार चहाच भरून ठेवा. त्यातही बिनदुधाचा एक छोटा थर्मास वेगळा असू द्या, म्हणजे जेवणानंतरही घेता येतो. लिंबाचं सरबत प्यायचं असेल तर लिंबं शुक्रवारीच पिळा.

घराची फेरी

दिव्याच्या आधी पाऊण तास एकाने घरभर फेरी मारायची. हे काम मुलांना फार आवडतं, त्यांनाच द्या. फ्रिजमधल्या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावायची, नाहीतर दार उघडताक्षणी दिवा लागतो. गीझर बंद. संडास-बाथरूमचा आणि जेवणाच्या खोलीतला दिवा चालू, झोपायच्या खोलीतला बंद, पंखे हवे त्या वेगावर. टायमर असेल तर तो लावून ठेवायचा. कागदी रुमाल आणि टॉयलेट पेपर फाडून ठेवायचे. अलार्म बंद. खिशातली किल्ली, पैसे, पेन काढून खणात.

सोसायटीला पाणी ठरावीक वेळी येत असेल तर पिंप आणि बादल्या शुक्रवारीच भरा. शनिवारी पहाटे मोटर लावायला कोणी उठणार नाही. ऑनलाइन मागवलेली वस्तू शनिवारी येणार असेल तर तारीख बदला, ओटीपी सांगायला फोन उघडणार कोण? वॉचमनला सांगून ठेवा की बेल वाजवू नको, दार ठोठाव. दूध-पेपरवाल्याची पिशवी दाराला.

कामाला येणाऱ्या ताईंचा विषय नाजूक आहे. आपण दिवा लावायचा नाही आणि त्यांना 'जरा बटण दाबा' म्हणायचं, हेही धर्मात बसत नाही. त्यांना शनिवारी सुट्टी द्या आणि शुक्रवारी सकाळी थोडा जास्त वेळ मागा, त्याचे पैसे वेगळे द्या. त्यांनाही आठवड्यात एक हक्काची सुट्टी मिळते.

दिवा

मेणबत्त्या चालतात, पण तेलाचा दिवा लावायचा असेल तर त्याची तयारी दुपारीच करा. काचेचा पेला धुऊन कोरडा करा, आतली मागच्या खेपेची काजळी राहिली तर प्रकाश मळका पडतो. निम्म्याहून थोडं कमी पाणी, त्यावर खोबरेल तेल. पाणी खाली आणि तेल वर तरंगतं, तेल संपत आलं की ज्योत पाण्याला टेकून आपोआप विझते आणि पेला तडकत नाही. वात तेलात आधी भिजवून टोकाला किंचित पिळून घ्या, कोरडी वात नुसती धुमसते. थंडीत खोबरेल गोठतं, बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा. तेल इतकं घाला की जेवण संपेपर्यंत ज्योत राहील. आणि दिवा अशा जागी ठेवा की पडद्याला लागणार नाही आणि रात्रभर हलवावा लागणार नाही. एकदा लावला की तो उचलायचा नाही.

मिश्नात (तालमुदाचा मूळ भाग) सांगितलंय की अंधार पडण्याआधी घरात तीन गोष्टी विचाराव्या आणि शेवटची म्हणजे 'दिवा लावा'. त्यावर गुरूंनी पुस्ती जोडली, की हे मऊपणाने बोलावं, म्हणजे घरचे ऐकतील. शुक्रवारी साडेपाचला बाथरूमचं दार बडवताना ही पुस्ती आठवावी.

एकटे राहणाऱ्या मुलांसाठी एक सूचना: घरात बाई नसेल तर दिवा पुरुषाने लावायचा असतो. पुण्यात पीजीमध्ये राहता म्हणून सूट नाही. खोलीत ज्योत पेटवायला मनाई असेल तर काय करायचं, हे हज्जानना विचारा.

गाडी अडकली तर

पावसात लोकल थांबली, मीटिंग लांबली, मूल तापलं. अशा आठवड्यासाठी किमान यादी ठरलेली असावी: दिवा, दोन अख्ख्या पोळ्या किंवा पाव, आणि शिजलेलं एक काहीतरी. शरबत नसेल तर शुक्रवार रात्रीचा किद्दुश पावावर म्हणता येतो. फ्रिजरमध्ये एक डबा रस्सा कायम असू द्या. घरी असेल त्याने वेळेवर दिवा लावावा, गृहिणीची वाट बघत बसू नये. आणि सूर्य मावळून गेला असेल तर दिवा लावूच नका. शब्बाथच्या मानासाठी शब्बाथ मोडण्यात अर्थ नाही, तसेच जेवायला बसा.

परदेशातल्यांचा हिशेब वेगळा. इस्राएलात शुक्रवारी बहुतेक कार्यालयं बंद असतात, पण दुकानं आणि बसगाड्या दुपारपासूनच थांबू लागतात, त्यामुळे बाजारहाट गुरुवारीच. यरुशलेममध्ये दिवा १८ नव्हे, ४० मिनिटं आधी लावायचा रिवाज आहे. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो, तिथे शुक्रवारी अर्धी रजा किंवा घरून काम याला पर्याय नाही. स्वयंपाक पूर्ण गुरुवारी रात्रीच उरकायचा.

शनिवार रात्रीचं आत्ताच

हव्दालासाठी लागणारं सगळं शुक्रवारीच एका थाळीत काढून ठेवा: शरबताचा पेला, दोन-तीन वातींची मेणबत्ती, काडेपेटी, वासासाठी लवंगा-वेलची किंवा सब्जाची डहाळी. थाळी दिवसभर हलवायची नाही, काडेपेटीला तर हातच लावायचा नाही. पण तारे दिसल्यावर अंधारात शोधाशोध तरी होत नाही.

भांड्यांचं गणितही आधीच करा. शब्बाथला पुन्हा त्याच दिवशी लागणारी भांडी विसळता येतात, पण रात्रीसाठी किंवा रविवारसाठी शनिवारी दुपारी घासून ठेवता येत नाहीत. म्हणून दोन जेवणांना पुरतील इतकी ताटं-वाट्या काढून ठेवा आणि खरकटी भांडी टबात रचत जा. हव्दाला झाल्यावर ती घासायची पाळी कोणाची, हेही गुरुवारी रात्रीच ठरवून टाका.